कार्डावरची कोरी घरं : साखर कारखानदारांना एका बालरोगतज्ज्ञाचं खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व सहकारी आणि खासगी साखर कारखान्यांचे अध्यक्ष, संचालक मंडळ, कार्यकारी संचालक व मुख्य शेतकी अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

दसऱ्याच्या आसपास तुमच्या कारखान्याचा बॉयलर पेटेल आणि दिवाळी झाली की गव्हाणीत पहिली मोळी पडेल. आमच्याकडे बीड जिल्ह्यात हंगामाची चाहूल त्याच्याही आधी लागते. पोळ्यापासूनच ऊसतोडीसाठी मजूर ठरवणाऱ्या मुकादमांच्या मोटारसायकली वाड्यावस्त्यांवर फिरू लागतात, उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम वाटली जाते, आणि भाऊबीज उरकली की रात्रीतून ट्रक भरून गावं रिकामी होतात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली काही मुलं. मी याच भागात एका तालुक्याच्या गावी 21 वर्षं लहान मुलांचा दवाखाना चालवते. माझ्या दवाखान्याचं वर्षही तुमच्या गाळपावरच चालतं. नोव्हेंबरात बाकं मोकळी पडतात आणि गुढीपाडव्यानंतर बसायला जागा पुरत नाही.

हे पत्र एका कार्डाबद्दल आहे. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. त्यात तिच्या तपासण्या, बाळाच्या लशी आणि बाळाचं दर महिन्याचं वजन लिहायचं असतं. वजनाची टिंबं जोडत गेलं की रेषा तयार होते आणि ती हिरव्या पट्ट्यात चालली आहे की खाली घसरते आहे, हे अडाणी आईलाही दिसतं. ऊसतोड कुटुंबांच्या कार्डावर ऑक्टोबरपर्यंत टिंबं असतात. त्यानंतरचं टिंब थेट एप्रिलचं. मधली घरं कोरी. त्या कोऱ्या घरांत काय घडतं आणि ते माणसाला किती वर्षं पुरतं, हे मला तुमच्यापुढे मांडायचं आहे, कारण तेवढे महिने ते मूल तुमच्या कार्यक्षेत्रात असतं.

गेल्या एप्रिलात 11 महिन्यांचा एक मुलगा आला. ऑक्टोबरात, 5 महिन्यांचा असताना, त्याचं वजन 6 किलो 400 ग्रॅम होतं. रेषा हिरव्या पट्ट्यात, अंगणवाडीताईंनी शेजारी बरोबरची खूण केलेली. मी काट्यावर ठेवला तर 6 किलो 900. सहा महिन्यांत अर्धा किलो, जिथे जवळपास दोन किलो वाढायला हवे होते. दंडाला पट्टी लावली, 11.8 सेंटिमीटर भरलं, तेही कमीच. मी आईला विचारू लागले, वरचं काय देता, दिवसातून किती वेळा, अंगावर किती वेळा पाजता. आई माझ्याकडे नुसती बघत राहिली. उत्तरं दिली ती तिच्या मागे उभ्या असलेल्या 7 वर्षांच्या बहिणीने. “मम्मी अंधारात पाजून जाती. उन्हं आली की मी चहात बिस्कुट देते. लईच रडला तर साखरपाणी. मम्मी आली की मंग पाजती.” तो बसतो पण अजून धरून उभा राहत नाही, हेही तिनेच सांगितलं. आईला त्यातलं फारसं माहीत नव्हतं. नोव्हेंबरपासून त्याला सांभाळलं होतं ते या मुलीने, दुसरीची शाळा सोडून.

सुरुवातीच्या वर्षांत मी अशा आयांना रागवत असे. त्याची मला आजही लाज वाटते. पहाटे तीनला उठून, चूल पेटवून, भाकरी बांधून जी बाई अंधारात फडात उतरते, दुपार टळेपर्यंत वाकून ऊस तोडते, पाचट सोलते, मोळ्या बांधते, 30-40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरवर चढते आणि रात्री अकराला ट्रॉली लागली तर पुन्हा भरायला जाते, तिला मी कोणत्या तोंडाने सांगायचं की बाळाला दिवसातून आठ वेळा पाजा?

आईच्या पोटात गर्भ राहिल्यापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतचे दिवस मोजले तर साधारण 1000 भरतात. 270 पोटातले, 730 बाहेरचे. तुमचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. गर्भ कोणत्याही महिन्यात राहू दे, या 1000 दिवसांत दोन पूर्ण हंगाम येतातच, आणि तिसऱ्याचाही काही भाग येतो. म्हणजे सुमारे 400 ते 500 दिवस. ज्या काळात शरीराचा पाया घातला जातो त्यातला निम्म्याच्या आसपास काळ कोपीत, म्हणजे मजुरांच्या तळावरच्या झोपडीत, आणि फडात जातो. हे वर्षानुवर्षं, पिढ्यान् पिढ्या चाललं आहे, कारण त्या पायावर उभं राहिलेलं मूल बहुतेक वेळा अठराव्या वर्षी स्वतःचा कोयता घेऊन तुमच्याच फडात परत येतं.

पाया हा शब्द मी भाषणातला म्हणून वापरत नाही. शरीराचे काही अवयव ठराविक मुदतीतच बांधले जातात आणि मुदत संपली की बांधकाम थांबतं. मूत्रपिंडाचं घ्या. रक्त गाळणाऱ्या लाखो सूक्ष्म चाळण्या, ज्यांना आम्ही नेफ्रॉन म्हणतो, त्या गर्भातच तयार होतात, साधारण 36 व्या आठवड्यापर्यंत. त्यानंतर आयुष्यात एकही नवी चाळणी तयार होत नाही. आईच्या पोटात उपासमार झालेलं मूल कमी चाळण्या घेऊन जन्माला येतं. थोड्या चाळण्यांवर सगळा भार पडतो, त्या लवकर झिजतात, रक्तदाब वाढतो. आता हेच मूल मोठं होऊन उन्हात, पाणी कमी पिऊन ऊस तोडतं असं समजा. निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांच्या ऊसपट्ट्यात तरण्याताठ्या तोडणी कामगारांची मूत्रपिंडं निकामी होण्याचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला आहे. उन्हातली मेहनत हे त्याच्या मुख्य कारणांतलं एक मानलं जातं. आपल्याकडची माणसं तर त्या उन्हात पोहोचण्याआधीच पोटातून तोटा घेऊन आलेली असतात.

हृदयाच्या स्नायूपेशींचं असंच आहे, त्या बहुतांशी जन्माआधीच तयार होतात. इन्शुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडातल्या पेशींची भर गर्भात आणि पहिल्या काही वर्षांत पडते. मेंदू जन्माच्या वेळी प्रौढ मेंदूच्या पावपट असतो आणि दोन वर्षांत पाऊणपटीच्या आसपास जातो. त्याला लागणारं लोह बाळ शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातून साठवून घेतं आणि तो साठा सहाएक महिने पुरतो. आईच्याच अंगात रक्त नसेल तर साठा कुठून येणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 45.7 टक्के गरोदर बायकांना आणि पाच वर्षांखालच्या 68.9 टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. 35.2 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. ही सरासरी सगळ्या राज्याची आहे, पुण्या-मुंबईसकट.

हे सगळं पूर्वी डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात 1911 पासून परिचारिका घरोघर फिरून बाळाचं जन्माचं वजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन वहीत लिहून ठेवत. त्या वह्या कित्येक दशकं पडून होत्या. डॉ. डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शोधून काढल्या, त्यातली माणसं पुढे कशाने वारली ते तपासलं आणि 1989 मध्ये जगापुढे मांडलं की पहिल्या वर्षी ज्यांचं वजन कमी होतं त्या पुरुषांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त होतं. मी हे वाचलं तेव्हा माझ्या मनात आधी त्या परिचारिका आल्या. त्यांनी कंटाळा केला असता, मधली घरं कोरी सोडली असती, तर हे ज्ञान हाती लागलंच नसतं.

पुढचं काम मात्र आपल्या मातीतलं आहे आणि ते तुम्ही नीट ऐकावं असा माझा आग्रह आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या बायकांची गर्भ राहण्याआधीपासून नोंद ठेवली, सुमारे 800 गरोदरपणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, आणि जन्मलेल्या मुलांचा माग आजवर सोडला नाही. त्या बायका सरासरी 42 किलो वजनाच्या. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं 3.5 किलोची. हाडकुळी बाळं, यात नवल नव्हतं. नवल असं की या बाळांत स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बाहेरून वाळलेलं आणि आतून चरबी धरलेलं बाळ. अन्न तुटपुंजं आहे असं पोटातच कळलं की शरीर मेंदू आणि चरबी राखतं, बाकीच्या ठिकाणी काटकसर करतं. ही काटकसर बाळाला जगवते आणि तिची किंमत ते पुढे मोजत राहतं. हीच मुलं 18 वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यातल्या निम्म्याच्या आसपास मुलामुलींचं वजन कमीच होतं, तरीही 37 टक्के मुलग्यांची आणि 18 टक्के मुलींची रक्तातली साखर ठरलेल्या मर्यादेच्या वर होती. सुटलेलं पोट नाही, बैठं काम नाही, शहरी खाणं नाही. खेड्यातली सडपातळ पोरं, मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

याच अभ्यासात शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहिल्या. मला वाटतं त्या प्रत्येक कारखान्याच्या शेतकी विभागाच्या भिंतीवर लावायला हव्यात. पहिली, गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि मधल्या काळात ज्या बायकांना शेतातली, पाणी वाहण्याची, धुण्याची कामं जास्त होती, त्यांच्या बाळांचं वजन, डोक्याचा घेर आणि दंडाचा घेर कमी भरला. दुसरी, ज्यांच्या जेवणात पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा होतं त्यांची बाळं मोठी भरली. त्या बायका आपल्या गावात, आपल्या घरात राहून राबत होत्या. त्यांच्या मेहनतीचा एवढा परिणाम होत असेल तर मोळी डोक्यावर घेऊन फळी चढणाऱ्या बाईच्या पोटातल्या जिवाचं काय होत असेल, याचा हिशेब करायला वेगळ्या अभ्यासाची वाट बघायची गरज नाही.

आणि पालेभाजी? तळावर आठवड्याचा बाजार करून आणलेले बटाटे, कांदे, वाळलेल्या मिरच्या असतात. हिरवं असतं ते उसाचं वाढं, ते बैलांना जातं. गावाकडे असताना तांदुळजा, घोळ, शेवग्याचा पाला फुकट मिळतो. कारखान्याच्या भागात बांध दुसऱ्याचे असतात.

फडावर आडोसा नसतो. बायका दिवसभर लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच कमी पितात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. गरोदर बाईला असा संसर्ग झाला आणि उपचार मिळाले नाहीत तर बाळ दिवस भरण्याआधी जन्माला येण्याचा धोका वाढतो. इतकी साधी साखळी आहे. एक तात्पुरता तंबू आणि चार कनातींनी ती तुटते.

पाळीच्या दिवसांत कामाचा खाडा पडू नये या धास्तीचा शेवट कुठे होतो ते महाराष्ट्राने 2019 मध्ये पाहिलं. सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली आणि त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यात माझ्याच व्यवसायातल्या माणसांचा हात होता, हे मी विसरत नाही. राज्यभर चर्चा झाली, नियम आले. पण त्याच फडांत, त्याच हंगामात किती गर्भ वाढत होते आणि ते कसे वाढत होते, हा प्रश्न कोणी विचारलेला माझ्या ऐकण्यात नाही.

जन्मानंतरचं थोडक्यात सांगते, कारण त्या 7 वर्षांच्या मुलीने ते माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं आहे. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको आणि त्यानंतर दिवसातून तीन-चार वेळा घट्ट, ताजं, मऊ खाणं हवं. आई फडात आणि बाळ कोपीत असेल तर दोन्ही होत नाही. कोपीला खिडकी नसते, चूल आतच असते, धुराने बाळाची छाती भरते. दर न्यूमोनियात, दर जुलाबात बाळ वाढीऐवजी झुंजण्यावर ताकद घालवतं. ती वाढ कधी कधी भरून निघते, कधी कधी नाही.

एक गोष्ट मात्र फार कमी लोकांना माहीत असते. तान्ह्या मुलाचा मेंदू नुसत्या दुधावर वाढत नाही. ते हुंकारलं की कोणीतरी हुंकार द्यावा लागतो, रडलं की उचलावं लागतं, डोळ्यात बघून बोलावं लागतं. आपल्या आज्या मांडीवर घेऊन अडगुलं-मडगुलं म्हणत होत्या ते याचसाठी. असा प्रतिसाद दिवसेंदिवस मिळाला नाही तर बाळाच्या अंगात ताण निर्माण करणारी द्रव्यं चढलेली राहू शकतात, आणि तो ताण फार काळ टिकला तर झोप, भूक, शिकणं, प्रतिकारशक्ती, सगळ्यावर सावली पडते. झोळीत एकटं पडून रडून रडून थकलेलं आणि मग गप्प झालेलं बाळ फडावरच्या लोकांना ‘शहाणं’ वाटतं. मला त्या शांततेची भीती वाटते.

आता कोणी म्हणेल, म्हणजे या मुलांचं नशीब लिहूनच ठेवलंय की. तसं अजिबात नाही, आणि तसं वाटू नये म्हणूनच मी हे पत्र लिहिते आहे. मी सांगते ते धोक्याचं प्रमाण आहे, निकाल नाही. जमैकात किंग्स्टन शहरात 1980 च्या दशकात डॉ. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी वाढ खुंटलेली 129 मुलं निवडली, 9 महिन्यांपासून 2 वर्षांपर्यंतची. काही घरी दर आठवड्याला आरोग्यसेविका तासभर जात असे, टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन, आणि मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते आईला करून दाखवत असे. दोन वर्षं हे चाललं. ही मुलं विशीत पोहोचून कमवू लागली तेव्हा, ज्यांच्या घरी ही सेविका जात होती त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा 25 टक्क्यांनी जास्त निघाली. आठवड्याला एक तास! त्या कामाला डॉक्टर लागला नव्हता.

आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हेच दुसऱ्या वाटेने सिद्ध केलं. गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी शिकवली, वजन करायला, ऊब द्यायला, आजार ओळखायला शिकवलं, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूचं प्रमाण शेजारच्या गावांच्या तुलनेत 62 टक्क्यांनी खाली आलं. 1999 मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि आज देशभरातल्या आशाताई त्याच धर्तीवर घरभेटी देतात. आशाताई गावात असते. बाळ तळावर असतं.

मी ज्या ज्या कारखान्याच्या माणसांशी यावर बोलले त्यांनी मला तीनच उत्तरं दिली आहेत. मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. गरोदर बाईला आम्ही बोलावत नाही, नवराच आणतो. आणि थोड्या वर्षांत सगळीकडे तोडणी यंत्रं येणार, मग प्रश्नच मिटेल.

मजूर तुमचे नाहीत हे कागदावर खरं असेल. पण कोणत्या फडात कधी कोयता लावायचा ते तुमचा शेतकी विभाग ठरवतो, चिठ्ठी तुमच्या नावाची असते, ऊस तुमच्या काट्यावर मोजला जातो, आणि मुकादमाची उचल शेवटी तुमच्याच तोडणी-वाहतुकीच्या करारातून निघते. नवरा आणतो हेही खरं, पण का आणतो? कोयता म्हणजे जोडी. बाई बसली की अर्धा कोयता, अर्धी मजुरी, आणि उचल तर पूर्ण जोडीची घेतलेली. ती फिटली नाही की पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. आठव्या महिन्यातली बाई फडात उतरते ती या गणितामुळे. यंत्रांचं म्हणाल तर ती येतील तेव्हा येतील. यंदाच्या दिवाळीत जे पोटात आहे ते थांबणार नाही.

सहकाराने काय करून दाखवलं आहे ते मला वेगळं सांगायला नको. 1950 मध्ये प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला. पुढे ठिकठिकाणच्या कारखान्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, इंजिनिअरिंग आणि वैद्यकीय महाविद्यालयं काढली. माझ्याबरोबर शिकलेले कितीतरी डॉक्टर ऊस उत्पादक सभासदांची मुलं होती. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीही साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, त्यासाठी टनामागे 10 रुपये ठरले. पण शाळा आणि वसतिगृहं शाळेच्या वयाच्या मुलांसाठी असतात. तीन वर्षांखालच्या लेकराला शाळेत घालता येत नाही, वसतिगृहात ठेवता येत नाही, गावी आजीजवळ सोडलं तर दूध तुटतं. ते आईबरोबर येणारच. आणि सगळ्यात जास्त घडामोड त्याच वयात चाललेली असते. 1948 च्या कारखाने कायद्यानेसुद्धा 30 पेक्षा जास्त स्त्री कामगार असलेल्या कारखान्याला पाळणाघर सक्तीचं केलं होतं. तुमच्यासाठी शेकडो बायका राबतात, फक्त त्या गेटच्या बाहेर राबतात.

माझं मागणं असं आहे. यंदाच्या तोडणी करारात एक कलम घाला. बाईला सातवा महिना लागल्यापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत तिचा कोयता सुट्टीवर धरायचा, तिचा खाडा लावायचा नाही, आणि त्या काळाची मजुरी कारखान्याने द्यायची, उचलीत वळती करायची नाही. तळावर येऊ द्यायचं नाही असा याचा अर्थ कृपा करून काढू नका. गरोदर बाईला ट्रकमधून उतरवलं की तिचं नुकसान दुप्पट होतं, आणि पुढच्या वर्षी बायका पोट लपवून येतील. ती आपल्या माणसांबरोबर असावी, फक्त मोळीखाली नसावी.

प्रत्येक मोठ्या तळावर एक पाळणाघर हवं. पत्र्याची शेड, ताडपत्री, स्वच्छ पाणी, बाहेर चूल. टोळीतल्याच एक-दोन जाणत्या वयाच्या बायका निवडा, त्यांना कोयत्याइतकीच मजुरी द्या, त्यांनी मुलं सांभाळायची. खिचडी, अंडं, पालेभाजी, शेंगदाण्याचा कूट, दिवसातून तीन वेळा. आई जवळच्या फडात असेल तर पाजायला येऊन जाण्याची मुभा. मग 7 वर्षांच्या पोरीला शाळेत जाता येईल.

आणि वजन. तुमच्या गेटवर इलेक्ट्रॉनिक काटा आहे. त्याच्यावरून गेलेल्या प्रत्येक ट्रॉलीची पावती निघते, दहा-वीस किलोंवरून वाद होतात. तळावर एक लहान मुलांचा काटा आणा, फार महाग येत नाही. महिन्यातून एकदा जवळच्या अंगणवाडीताईंना, आरोग्यसेविकेला गाडी पाठवून बोलवा. स्थलांतर केलेल्या आईची आणि मुलाची नोंद तिथल्या अंगणवाडीत करून घेता येते, आहार आणि लशी तिथेच मिळू शकतात. अडतं ते इतक्यावरच की तळ कुठे पडला आहे, त्यात किती गरोदर बायका आणि किती तान्ही मुलं आहेत, हे त्या अंगणवाडीला कोणी कळवत नाही. तोडणीच्या चिठ्ठ्या सांभाळणाऱ्या तुमच्या चिटबॉयला प्रत्येक टोळी ठाऊक असते. त्याच्या वहीत आणखी दोन रकाने आखा.

पैशाचं म्हणाल तर पाच लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याला टनामागे 1 रुपया म्हणजे 5 लाख रुपये होतात. 4 रुपये म्हणजे 20 लाख. एवढ्यात काय काय होईल याचा हिशेब तुमचे चीफ अकाउंटंट माझ्यापेक्षा चांगला करतील.

तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात सून किंवा लेक गरोदर राहिलेली आहे. सातव्या महिन्यात ओटी भरली असेल, वाकू नकोस, उचलू नकोस म्हणून सासूने बजावलं असेल, बाळंत झाल्यावर डिंकाचे लाडू आणि हळिवाची खीर दिली असेल, सव्वा महिना उन्हावाऱ्यात जाऊ दिलं नसेल. यातलं मर्म तुमच्या घरातल्या बायकांना आधीपासून माहीत आहे. विज्ञानाने गेल्या चाळीसएक वर्षांत त्याची मोजदाद केली, एवढंच.

परवा एक बाई पहिल्या मुलाला दाखवायला आली. तपासता तपासता लक्षात आलं की तिला दिवस गेलेत, पाचवा महिना लागलाय. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 8.6. जानेवारीच्या शेवटी दिवस भरतील. नवऱ्याने उचल घेतलेली आहे आणि ती घराच्या पत्र्यांसाठी खर्चही झाली आहे. मी लोहाच्या गोळ्या दिल्या, सरकारी दवाखान्यात नाव घालायला सांगितलं, कार्ड जपून बरोबर ने म्हणून बजावलं. मग विचारलं, कोणत्या कारखान्याला जाणार? तिथल्या डॉक्टरांना, अंगणवाडीला मी चिठ्ठी लिहून देईन. ती म्हणाली, “मुकादम सांगंल त्या. आजून ठरलं न्हाई.”

म्हणून ती चिठ्ठी तुम्हा सर्वांच्या नावे लिहिली आहे.

आपली विश्वासू,
एक बालरोगतज्ज्ञ, जिल्हा बीड